बस, येतो

ही गोष्ट खरी आहे.

आता असं सगळेच म्हणतात, मला माहीत आहे. ज्याला पटत नसेल त्यानं किन्हवलीच्या स्टँडवर यावं आणि पांढऱ्या इको गाडीवाल्या वाल्मिकला विचारावं. तो काही सांगणार नाही, ही गोष्ट वेगळी. नुसती काच पुसत बसेल.

आणि अमावास्येची रात्र, पिंपळ, मोकळे केस असलं काही हवं असेल तर दुसरीकडे बघा. हे सगळं भर दिवसा घडलं. गेल्या वर्षी वैशाखात सुरू झालं आणि यंदाच्या वैशाखात संपलं.

संपलं असं आम्हाला वाटलं होतं...

जागा म्हणजे मुरबाड तालुक्यातलं एक धरण, वैशाखरे गावाच्या पुढे आत. नाव लिहिणार नाही. नाव लिहिलं की रिकामटेकडे मोबाईल घेऊन निघतात. असाच एक निघाला होता, म्हणून तर ही वेळ आली.

वाल्मिक माझा मावसभाऊ. घरात बायको वैष्णवी, सहा वर्षांची मनस्वी आणि आमची सावळीमावशी, म्हणजे वाल्मिकची आई. मावशी तोंडानं फाटकी, मनानं लोणी. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणार आणि दिवसभर कुणाला ना कुणाला फैलावर घेणार. कुणी दाराच्या उंबऱ्यावर टेकलं की खलास. "ऊठ तिथनं. उंबरा काय बसायला केलाय?" हे तिचं वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

लक्षात ठेवा हे.

वाल्मिक एरवी वडाप करायचा, सीटवर माणसं भरून गावोगाव सोडायचा, आणि रविवारी पर्यटक फिरवायचा. आसनगाव स्टेशनला माणसं उचलायची. शहापूरच्या बाजारातून हळूहळू गाडी न्यायची, लांबून माहुलीचे सुळके दाखवून शहाजीराजांचा वेढा सांगायचा. किन्हवलीत चहा, मुरबाडला जेवण, आणि मग घाटाच्या रस्त्यानं वैशाखरे. तिथं नाणेघाटाकडे बोट केलं की सातवाहन, जकात, बैलांचे तांडे, सगळे गाडीत येऊन बसायचे. वाल्मिकची जीभ सुटली की तिला ब्रेक नाही. त्यातलं निम्मं खरं असायचं, निम्मं वाल्मिकचं.

त्या रविवारी सुयोग नावाचा एक पोरगा आला होता, सोबत दोन मित्र. सगळं मोबाईलमध्ये घेत होता. मुरबाडला जेवताना म्हणाला, "दादा, हे सगळं यूट्यूबवर आहे हो. जे कुणीच दाखवलं नाही ते दाखवा ना."

वाल्मिकला झोंबलं.

"बुडालेलं गाव बघायचंय?" तो म्हणाला. "माझ्या आईचं माहेर हाय."

झालं.

ते गाव म्हणजे पळसोंडी. मावशी आणि माझी आई तिथंच लहानाच्या मोठ्या झाल्या. धरण आलं आणि गाव उठलं. अर्ध्या लोकांना शहापूरच्या बाजूला जागा दिली, अर्ध्यांना मुरबाडच्या. धरणाचं पाणी खालच्या शहरांना जातं. तिथं नळ फिरवला की येतं. आणि पळसोंडीच्या नव्या वस्तीवर चैत्रात टँकर लागतो. टँकर कुठं भरतात? त्याच धरणावर. आता यावर हसायचं की रडायचं, तुमचं तुम्ही ठरवा.

गाव उठलं त्या दिवशी एक माणूस राहिलं.

रखमी. मावशीची चुलती. विधवा बाई, पोरबाळ नाही, आणि नेमकं तेव्हा पायाला मोठं गळू झालेलं. ट्रक भरत होते. भांडी, कोंबड्या, कणग्या, म्हातारेकोतारे. रखमी आपल्या उंबऱ्यावर बोचकं घेऊन बसलेली. मावशी तेव्हा परकर घालणारी पोर. तिला मोठ्यांनी पिटाळलं, "काकीला सांग, बस म्हणावं, येतो."

मावशीनं जाऊन सांगितलं, "काकी, बस. येतो आमी."

"बरं," रखमी म्हणाली.

शहापूरकडे गेलेल्यांना वाटलं, ती मुरबाडवाल्यांच्या ट्रकात असेल. मुरबाडवाल्यांना वाटलं, ती शहापूरवाल्यांबरोबर गेली. मग पाऊस लागला, वाटा तुटल्या. नागपंचमीला दोन्हीकडची माणसं पहिल्यांदा भेटली आणि एकमेकांना विचारलं, रखमी बरी हाय ना?

तोवर कौलांवरून पाणी गेलं होतं.

आपल्यात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. अभद्र असतं ते. 'येतो' म्हणायचं, ही रीत. पण पळसोंडीच्या लोकांची एका जागेपुरती रीत उलटी आहे. उन्हाळ्यात धरण आटून जुनं गाव उघडं पडलं, कुणी देवीला नारळ द्यायला गेलं, तर तिथून निघताना तोंडानं 'जातो' म्हणायचं. 'येतो' म्हणायचं नाही.

कारण तिथं कुणीतरी अजून ऐकत बसलंय.

वाल्मिकला हे सगळं पाठ होतं. त्यानं ते त्या पोरांना रंगवून सांगितलंसुद्धा. घरचं दुःख पर्यटकांना विकायला काढलं, दुसरं काय. पण आपल्याकडे विकायला उरलंय तरी काय?

ऊन रणरणत होतं. भेगाळलेला गाळ, गुडघाभर उरलेल्या भिंती, आणि रखमीच्या घराचा काळा दगडी उंबरा. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसता उंबरा. टिटव्या डोक्यावर कोकलत होत्या. सुयोग त्या उंबऱ्यावर बसला, व्हिडिओ काढला, आणि उठताना हसून म्हणाला, "जातो हां, आजी."

वाल्मिकही म्हणाला, "जातो गो, काकी." पोरं गाडीकडे निघाली.

आणि त्याचा फोन वाजला.

मनस्वी होती. संध्याकाळी गावच्या जत्रेत तिला पाळण्यात बसवायचं कबूल केलेलं. "बाबा, मी फ्राक घातला. कधी येणार?"

वाल्मिक उंबऱ्याला पाठ करून उभा होता. लेकीचा आवाज ऐकून त्याला हसू आलं.

"बस तू," तो म्हणाला. "येतो."

टिटव्या गप्प झाल्या.

सगळ्या... एकदम.

आणि पाठीमागून, अगदी जवळून, दमलेल्या बाईचा आवाज आला...

"बरं."

वाल्मिकनं मागं वळून पाहिलं नाही. एवढी अक्कल त्याला होती. तो गाडीपर्यंत कसा पोचला ते त्याला आजही सांगता येत नाही. आसनगावला त्या पोरांना सोडेपर्यंत त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. पोरांना वाटलं, दादा दमले.

तिन्हीसांजेला तो किन्हवलीला पोचला. मनस्वी दारात बसली होती. फ्रॉक, रिबिनी, पावडर, सगळा जामानिमा.

उंबऱ्यावर बसली होती.

"चल गो, आलो मी," वाल्मिक म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या अंगावरून पलीकडे, रस्त्याकडे पाहिलं.

"बाबा कधी येणार?"

आधी वाटलं, रुसलीय. मग वाटलं, चेष्टा करतेय. रात्री वैष्णवीनं दोन धपाटे दिले, तरी पोर रडत रडत तेच म्हणत होती. "बाबा बोलला येतो. अजून आला नाय."

सकाळी वाल्मिक तिच्यासमोर चहा घेऊन बसला. तिनं त्याला विचारलं, "काका, तुमी बाबाला बघितला काय?"

स्वतःची लेक त्याला काका म्हणाली. बापाचं काय होत असेल, बघा विचार करून.

शहापूरच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, मुलीला काही नाही, वेळ द्या. भगतानं लिंबू उतरवलं. पोर जेवत होती, शाळेत जात होती, आईला-आजीला ओळखत होती. फक्त संध्याकाळ झाली की उंबऱ्यावर जाऊन बसायची, आणि बाप समोर उभा असताना बापाची वाट बघायची.

शेवटी वाल्मिकनं आईला खरं काय ते सांगितलं.

मावशीची मिश्री हातात तशीच राहिली. "तिथं उभा राहून बोललास?"

"फोनवर बोललो, आये. मनूला बोललो."

"तू कोनाला बोललास ते तिला काय दिसतं? तिला ऐकू येतं नुसतं." तिनं हातातली मिश्री अंगणात झटकली. मग म्हणाली, "येतो बोलनारे लय झाले तिला. आलो बोलनारा कोन नाय. पानी उतरू दे. मी जाते."

पण पाणी उतरायची वाट बघायची म्हणजे वर्ष. तेवढ्यात पाऊस लागला आणि उंबरा पुन्हा पाण्याखाली गेला. धरणातलं पाणी कधी आणि किती सोडायचं हे कुठल्या तरी हापिसात ठरतं. तिथल्या कुणाला सांगणार, की साहेब, जरा लवकर सोडा, माझी पोर मला ओळखत नाही?

वर्षभर वाल्मिकनं एकही पर्यटक गाडीत घेतला नाही. माणूस निम्मा झाला. लेकीला शाळेत सोडायचा, आणि ती उतरताना म्हणायची, "थँक्यू काका."

यंदा वैशाखात उंबरा उघडा पडला.

मावशीनं भाकऱ्या केल्या, सुकट केलं, एक नवं पातळ घेतलं. भर दुपारी दोघं निघाली. मावशी नेहमीसारखी पुढच्या सीटवर. मागं बसलं की तिला मळमळतं, अगदी एसटीतसुद्धा ती ड्रायव्हरजवळचीच जागा धरते. वाटेत वाल्मिकला तिनं दहा वेळा बजावलं, "तिथं तोंड उघडू नको. काय बोलायचं ते मी बोलनार."

काठावर मंगळ्या बकऱ्या घेऊन बसला होता. वरच्या वाडीतला ठाकर, वाल्मिकच्या ओळखीचा. त्यानं लांबूनच हात केला.

मावशी उंबऱ्यापाशी गेली. भाकरी ठेवली, पातळ ठेवलं. पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "काकी, आलो गो आमी. उशीर झाला. तुला न्यायला आलो."

टिटव्या गप्प झाल्या.

वाल्मिकनं डोळे मिटून घेतले. गाळाचा वास आला... ओल्या गाळाचा. आणि गाळ तर सुकून भेगाळला होता.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. मावशी एकटीच उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडावर हसू होतं.

"झालं," ती म्हणाली. मग जन्मात जे केलं नाही ते तिनं केलं. उंबऱ्यावर बसली. "पाय गळाले रे. गाडी इकडं घेऊन ये वळवून."

वाल्मिकच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. वर्षानं पहिल्यांदा मोकळा श्वास घेत तो वळला, आणि जाता जाता सवयीनं म्हणाला...

"बस, येतो."

जीभ चावली त्यानं. पण सवयीला औषध नाही. जे जन्मभर आईला म्हणत आला तेच तोंडातून गेलं.

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं. एकदाही ओरडली नाही, शिवी दिली नाही.

"जा," एवढंच म्हणाली.

तो पळत सुटला. गाडी चालू केली, वळवायला घेतली, तर मागचं चाक भेगेत रुतलं. पुढं-मागं करून ते काढलं, आणि मान वर करून पाहिलं...

उंबऱ्यावर कुणी नव्हतं.

हाक मारणार, तोच मागचं दार सरकल्याचा आवाज आला. आरशात पाहिलं तर मावशी मागं बसलेली. पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"आये, पुढं ये ना. मळमळेल."

"चल," ती म्हणाली.

चालत कधी आली, त्यानं पाहिलं नव्हतं. पण आनंदात माणूस इतकं कुठं बघतो?

गाडी डांबरी रस्त्याला लागली. वैशाखरे मागं गेलं. मावशी काचेला नाक लावून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "मुरबाडचा बाजार दाखव."

वाल्मिकला बरंच वाटलं. मनस्वीला पेढे घेऊ म्हणाला आणि वाट वाकडी करून गाडी मुरबाडला नेली. मावशी बघतच राहिली. दुकानं, बँका, चारमजली इमारती, मोटारी.

"हे कुठलं गाव?"

"मुरबाडच की, आये."

"एवढं वाढलं?"

जन्मभर ती त्या बाजारात सुकी मासळी घ्यायला आलीय. पण वाल्मिकला वाटलं, ऊन लागलं असेल, मन हललं असेल. आणि त्याची जीभ वर्षभर बांधलेली होती. तो सुटला. इथं जुना आठवड्याचा बाजार भरायचा, इथं गाड्या थांबायच्या, आता बघ कंपन्या आल्यात, फ्लॅट झालेत. पर्यटकांना दाखवायचा तसा सगळा गाव त्यानं आईला फिरवून दाखवला. एका इमारतीच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. पाणी भिंतीवरून खाली गटारात चाललं होतं.

"एवढं पानी कुठनं येतं रे?" मागून आवाज आला.

"आपलंच," वाल्मिक कडवट हसून म्हणाला.

किन्हवलीला पोचले तेव्हा मनस्वी उंबऱ्यावर होती. गाडी थांबली तशी ती उठली. क्षणभर बघत राहिली, आणि धावत सुटली.

"आई, बाबा आले. बाबा आले."

वाल्मिक रस्त्यातच खाली बसला. पोरीला छातीशी धरून हमसून हमसून रडला. वैष्णवी रडली, शेजारी रडले. त्या गडबडीत मावशी मागच्या दारानं उतरली, लंगडत लंगडत घराकडे गेली आणि मोकळ्या झालेल्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

मागची सीट ओली होती. वाल्मिकनं ती दुसऱ्या दिवशी पुसली.

मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. मावशी मिश्री मागत नव्हती. कुणाला ओरडत नव्हती. सांगाल ते "बरं" म्हणायची. एका पायावर जोर देत नव्हती. पातळ कितीदा बदललं तरी त्याचा काठ ओलाच असायचा. आणि दिवसभर बसायची उंबऱ्यावर.

म्हातारपण आहे, आम्ही म्हणालो. आम्ही सगळेच म्हणालो.

मनस्वी मात्र तिच्या जवळ जात नव्हती.

पावसाला सुरुवात झाली. शेतं भरली. एक दिवस वाल्मिक भाडं घेऊन वैशाखऱ्याला गेला होता. स्टँडवर मंगळ्या भेटला. चांगलाच रागावलेला.

"काय रं तू मानूस," तो म्हणाला. "आईला तिथं बसवून गेलास तो आलाच नाय."

"कुठं?"

"धरनात, उंबऱ्यावर. तू गाडी घेऊन गेलास आन ती तशीच. मी हाक दिली, बोललो, चल माझ्या घरी. तर मलाच शिव्या घातल्या. बोलली, पोरगा येतो बोललाय. दुसऱ्या दिशी पन बसलेली. तिसऱ्या दिशी वळीव आला, मी बकऱ्या घेऊन वर गेलो, मग मला काय दिसलं नाय. नेलीस ना घरी?"

वाल्मिकनं भाडं तिथंच उतरवलं आणि गाडी धरणाकडे पळवली.

पाणी... काठोकाठ पाणी. पाऊस पडत होता आणि टिटवीसुद्धा नव्हती. तो काठावर उभा राहून आईला हाका मारत राहिला. आवाज बसेपर्यंत.

परत आला तेव्हा दिवे लागत होते. ती उंबऱ्यावर बसली होती. पदर कपाळावर, काठ ओला. त्याला बघून बाजूला सरकली.

"आलास?" ती म्हणाली. "बरं."

घरातून मनस्वी पुढं आली. त्या बाईला वळसा घालून, वाल्मिकचा हात धरून तिनं विचारलं...

"बाबा, आजी कधी येणार?"

वाल्मिकनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

आता कुणाला सांगणार, आणि काय सांगणार? जिला पन्नास वर्षं सगळ्यांनी विसरून टाकलं तिला घराबाहेर काढणार कुठल्या तोंडानं? आणि जी तिथं राहिली तिच्यासाठी पाणी उतरायची वाट बघायची. पुन्हा वर्ष. गेल्या खेपेला पोर गेली होती ती निदान डोळ्यांसमोर होती.

परवा मी गेलो होतो. चहा घेतला. निघताना दारात अडलो. ती बसलेली. 'येतो' म्हणायचं धाडस होईना आणि 'जातो' तर म्हणवेनाच. काही न बोलता, अंग चोरून तिच्या बाजूनं बाहेर पडलो.

रस्त्यापर्यंत पोचलो असेन... मागून आवाज आला.

"बरं."

मी तर काहीच बोललो नव्हतो.